चौरस फूट की चौरस मीटर? घराच्या क्षेत्रफळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर फ्लॅटच्या प्लॅनचा वाकडातिकडा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "हे फुटात किती होतात?" घरं मोजून देण्याच्या कामात असल्यामुळे मला हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की उत्तरं एका जागी लिहून ठेवणंच सोयीचं वाटलं. यातले निम्मे प्रश्न खरं तर फूट-मीटरचे नसतात. 'कुठलं क्षेत्रफळ' हे न विचारताच लोक 'किती' विचारतात आणि मग गुणाकाराला दोष देतात. घाईत असाल तर निदान प्रश्न ५ आणि ८ वाचा.

१. एक चौरस मीटर म्हणजे नक्की किती चौरस फूट?

१०.७६३९ चौरस फूट. उलट बाजूने, एक चौरस फूट म्हणजे ०.०९२९०३०४ चौरस मीटर, आणि हा दुसरा आकडा अगदी नेमका आहे, त्यात पुढे काही राहत नाही. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी वाराची लांबी मीटरशी कायमची बांधली. तेव्हापासून एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. त्याचा वर्ग केला की वरचा आकडा मिळतो. रोजच्या कामाला १०.७६४ पुरे.

२. कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर तोंडी कसं काढायचं?

पावणेअकरा पट. चौरस मीटरची दहापट करा आणि त्यात मूळ आकड्याचं पाऊण मिळवा. ६० चौरस मीटर असतील तर सहाशे अधिक पंचेचाळीस, म्हणजे ६४५. खरं उत्तर ६४५.८३ आहे. ज्यांनी लहानपणी पाउणकी पाठ केली होती त्यांना हे बोलता बोलता येतं. आमच्या पिढीत ती सुटली, पण दहापट आणि पाऊणपट एवढं कुणालाही जमतं.

फुटावरून मीटरला जाताना शेवटचं शून्य उडवा, म्हणजे दहाने भागा, आणि आलेल्या आकड्यातून शेकडा सात कमी करा. ८५० चौरस फुटांचे ८५, त्यातून सहा गेले की ७९. खरं उत्तर ७८.९७. बिल्डरच्या ऑफिसात बसल्या बसल्या समोरचा आकडा पटतो का हे पाहायला एवढं पुरतं. सही करायच्या कागदासाठी मात्र प्रश्न १ मधला पूर्ण आकडाच वापरा.

३. सगळे बोलतात फुटात, मग करारात चौरस मीटर का लिहितात?

कारण कायद्याच्या लेखी फूट हे एकक राहिलेलं नाही. १९५६ च्या वजन-मापाच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आणली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि आजचा २००९ चा वैध मापन कायदाही मेट्रिकच मानतो. म्हणून करार, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा 'इंडेक्स टू' उतारा), महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या, संकेतस्थळावरची प्रकल्पाची माहिती, मंजूर नकाशा, म्हाडाची जाहिरात, सगळीकडे चौरस मीटर. बोलण्यात मात्र 'पाचशे फुटांचा फ्लॅट' आणि 'फुटाला काय भाव' हेच चालतं. त्यातला 'चौरस' हा शब्द कधीच गळून पडला. त्याचे दुष्परिणाम पुढच्या प्रश्नात.

४. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. मग ६० मीटरचं घर १९७ फुटांचं कसं नाही?

हा हिशेब सगळ्यात जास्त येतो, आणि करणाऱ्याला हसू नये, कारण चूक भाषेने लावलेली आहे. ३.२८ हा लांबीचा गुणक आहे. क्षेत्रफळाला लांबीही असते आणि रुंदीही, म्हणून तो दोनदा लागतो. ३.२८०८४ गुणिले ३.२८०८४ केलं की १०.७६३९ येतात. म्हणजे ६० चौरस मीटर हे १९७ नसून ६४६ चौरस फूट. भिंतीची लांबी, दाराची उंची, पडद्याचं कापड यांना ३.२८ वापरा. फरशी, रंग आणि घर यांना १०.७६.

५. बिल्डरने हजार फुटांचा फ्लॅट म्हणून दाखवला आणि करारात ६२ चौरस मीटर आहेत. रूपांतर चुकलंय का?

रूपांतर बरोबर आहे, क्षेत्रफळं दोन वेगळी आहेत. ६२ चौरस मीटर म्हणजे ६६७ चौरस फूट, आणि हे कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा आहे (प्रश्न ६). तुम्हाला सांगितलेले हजार हे 'सेलेबल' किंवा 'सुपर बिल्टअप' असणार. त्यात बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट, लॉबी, कधी क्लबहाऊसचाही वाटा घातलेला असतो. ६६७ चे हजार करायला वर ५० टक्के चढवावे लागतात. यालाच बाजारात 'लोडिंग' म्हणतात. ते किती लावायचं याचं कुठलंही सूत्र नाही. शेजारच्या दोन इमारतींतही ते वेगळं असू शकतं.

रेरा कायद्यात व्याख्या फक्त कार्पेटची आहे. 'सेलेबल'ला तिथे अर्थ नाही. त्यामुळे आकडा कुणीही सांगितला तरी पहिला प्रश्न 'कार्पेट का?' हा विचारायचा, मग 'फूट का मीटर?' हा. दोन फ्लॅटची तुलना करताना दोन्हींचं रेरा कार्पेट घ्या, एकूण किमतीला त्याने भागा, मगच कुठला स्वस्त ते ठरवा. हजार फुटांना सात हजारांचा भाव ऐकायला बरा वाटतो. सत्तर लाखांना ६६७ ने भागलं की तोच भाव साडेदहा हजारांच्या जवळ जातो.

६. रेरा कार्पेटमध्ये काय धरतात आणि काय नाही?

आतल्या खोल्या आणि त्यांच्या मधल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांच्या डक्टची जागा, तुमची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि तुमची उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून महाराष्ट्रात रेरा लागू झाल्यानंतरच्या, म्हणजे १ मे २०१७ नंतरच्या करारांत साधारणपणे 'कार्पेट ५४.२० चौ.मी. आणि बाल्कनी ४.१० चौ.मी.' अशी वेगळी मांडणी दिसते. १९६३ च्या मोफा (फ्लॅट मालकीच्या जुन्या) कायद्याखालच्या जुन्या करारांत बाल्कनीसकट कार्पेट लिहिलेलं सापडतं. जुनं घर विकून नवं घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 'आमचंही ५५ मीटर होतं, मग हे लहान का वाटतं?' याचं उत्तर बहुधा बाल्कनीत असतं.

७. सगळ्या खोल्या मोजून बेरीज केली. करारापेक्षा वीस-बावीस फूट कमी भरतात. फसवणूक आहे का?

लगेच तसं म्हणू नका. टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत लागतो, भिंतीच्या आत जात नाही. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जागा धरलेली असते (प्रश्न ६). समजा घरात सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरच्या आतल्या भिंती मिळून १४ मीटर लांबीच्या आहेत. त्यांनीच २.१ चौरस मीटर, म्हणजे साडेबावीस चौरस फूट खाल्ले. दाराच्या चौकटीखालची जागाही बेरजेतून सुटते.

भिंती मिळवूनही कमी भरत असेल तर गिलावा, भिंतीवरच्या टाइल आणि स्कर्टिंग बघा. दहा बाय बाराच्या खोलीत चारही बाजूंनी फक्त अर्धा इंच गेला तर १२० चे ११८ होतात. हे सगळं धरूनही तफावत राहिली तर मग करार उघडा. महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यात प्रत्यक्ष कार्पेटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतलेला आहे. त्याहून कमी भरलं तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, जादा घेतलेले पैसे व्याजासह परत करायचे असतात. ६० चौरस मीटरच्या घराला ३ टक्के म्हणजे १.८ चौरस मीटर, साधारण १९ चौरस फूट. ताबा घेताना घर मोजून घ्या. सामान लावल्यावर भिंतीपर्यंत टेप पोचत नाही.

८. प्लॅनवर खोली १०.६ बाय १०.६ लिहिली आहे. गुणाकार ११२.३६ आला, पण बिल्डर ११० म्हणतो. कोण बरोबर?

बिल्डर. (दर वेळी तोच चुकीचा असतो असं नाही.) प्लॅनवरचं १०.६ म्हणजे दहा फूट सहा इंच. दशांश चिन्हासारखं दिसत असलं तरी ते दशांश नाही. फुटात बारा इंच असतात, म्हणून सहा इंच म्हणजे ०.५ फूट. १०.५ गुणिले १०.५ केलं की ११०.२५ येतात. आपल्याकडे मिस्त्रीपासून ड्राफ्ट्समनपर्यंत सगळे फूट-इंच मध्ये टिंब देऊन लिहितात, आणि ते टिंब कॅल्क्युलेटरला कळत नाही.

तीन इंच म्हणजे ०.२५, चार इंच ०.३३, नऊ इंच ०.७५. सगळ्यात घात होतो तो १०.१० आणि १०.११ मध्ये. कॅल्क्युलेटर १०.१० ला १०.१ समजतो, पण ते आहेत दहा फूट दहा इंच, म्हणजे १०.८३. बारा फूट रुंदीच्या खोलीत एवढ्या एका टिंबाने पावणेनऊ चौरस फूट गायब होतात.

उलटा गोंधळ लेझरवाल्या मीटरने होतो. त्यावर १०.५२ फूट दिसलं तर तो खरोखरचा दशांश असतो, म्हणजे दहा फूट सव्वासहा इंच. यंत्र कुठल्या पद्धतीवर लावलंय ते आधी बघा. मिस्त्री 'दहा फूट सहा इंच दोन सूत' म्हणाला तर एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. घराच्या क्षेत्रफळासाठी सूत सोडून दिलं तरी चालतं, कपाट बनवताना नाही.

९. 'दहा फूट चौरस' आणि 'दहा चौरस फूट' एकच ना?

नाही, दहापट फरक आहे. 'दहा फूट चौरस' खोली म्हणजे दहा बाय दहा, क्षेत्रफळ १०० चौरस फूट. 'दहा चौरस फूट' म्हणजे एखादं लहानसं न्हाणीघर. जुन्या खरेदीखतांमध्ये पहिली भाषा भेटते, तिथे वाचताना थांबा.

१०. प्लॅनवरचं ३.०५ × ३.६६ मीटर हे दहा बाय बाराच का? गुणून १२०.१६ येतात.

हो, दहा बाय बाराच. दहा फूट म्हणजे ३.०४८ मीटर, ते ३.०५ लिहिलं. बारा फूट म्हणजे ३.६५७६, ते ३.६६ झालं. दोन्ही बाजू कणभर फुगल्या म्हणून क्षेत्रफळही कणभर फुगलं. एक साधा नियम पाळा. ज्या एककात मोजलं त्याच एककात गुणाकार करा आणि रूपांतर सगळ्यात शेवटी एकदाच करा. प्रत्येक बाजू आधी बदलून मग गुणत बसलात तर पाच खोल्यांच्या बेरजेत उगाच अर्धा-पाऊण फूट इकडेतिकडे होतो.

११. दशांशानंतर किती आकडे ठेवायचे?

चौरस मीटरला दोन, चौरस फुटाला एक. दुसऱ्या दशांशातला एक घटक, म्हणजे ०.०१ चौरस मीटर, हा साडेपंधरा चौरस इंचांचा तुकडा असतो. साधारण तळहाताएवढा. फुटाला वीस हजारांचा भाव असेल तर त्या तळहाताची किंमत दोन हजारांवर जाते, म्हणून '६२ चौ.मी.' असं गोळाबेरीज न लिहिता '६२.०४' लिहिलेलं बरं. त्यापुढच्या आकड्यांत मात्र अर्थ नाही, कारण भिंतच तेवढी सरळ नसते.

१२. फुटाचा भाव मीटरमध्ये कसा बदलायचा? भागायचं की गुणायचं?

क्षेत्रफळाच्या उलट. चौरस मीटर मोठा, म्हणून त्याचा भावही मोठा. चौरस फुटाला ९,५०० रुपये असतील तर चौरस मीटरला १०.७६३९ पट, म्हणजे १,०२,२५७ रुपये. उत्तर मूळ भावापेक्षा लहान आलं तर उलटं केलंत.

१३. रेडीरेकनरमध्ये आमच्या इमारतीचा दर १,२०,००० दाखवतो. इतका कसा?

रेडीरेकनर म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी मूल्यदर तक्ता, आणि त्यातला दर चौरस मीटरचा आहे. १०.७६३९ ने भागा, फुटाला ११,१४८ रुपये येतील. अजून एक खोच आहे. सदनिकांचा हा दर बांधीव क्षेत्रावर, म्हणजे भिंतींसकटच्या बिल्टअपवर लागतो, कार्पेटवर नाही. कार्पेटवरून बांधीव क्षेत्र कसं काढायचं हे त्या वर्षाच्या मूल्यदर तक्त्यासोबतच्या सूचनांत दिलेलं असतं. तो गुणक न लावता नुसतं कार्पेट आणि दर यांचा गुणाकार केलात तर मुद्रांक शुल्काचा अंदाज कमी येणार.

१४. मुंबईत ५०० फुटांपर्यंत मालमत्ता कर माफ आहे. माझ्या कागदावर ४६.५० चौ.मी. आहे. बसतो का?

मुंबई महापालिकेच्या हद्दीत निवासी घरांना ही सवलत १ जानेवारी २०२२ पासून आहे, आणि मर्यादा ५०० चौरस फूट म्हणजे ४६.४५ चौरस मीटर कार्पेट. ४६.५० चे फूट होतात ५००.५. म्हणजे अर्ध्या फुटाने बाहेर. वाईट वाटतं, पण 'साधारण पाचशेच ना' हा युक्तिवाद टेबलापलीकडे चालत नाही. तुमच्या कागदावरचा ४६.५० हा मुळातच गोल केलेला आकडा आहे का आणि ते कार्पेटच आहे का, या दोन गोष्टी आधी तपासा. कागदावर बिल्टअप लिहिलेलं असलं तर कार्पेट त्याहून कमी असणारच, आणि मग तुम्ही आरामात आत असाल.

जाता जाता, ५०० चा हा आकडा मुंबईकरांना बीडीडी चाळींमुळेही ओळखीचा आहे. तिथल्या १६० फुटांच्या खोलीच्या, म्हणजे १४.८६ चौरस मीटरच्या बदल्यात पुनर्विकासात ५०० फुटांचं घर ठरलं.

१५. झोपडपट्टी पुनर्वसनात ३०० फुटांचं घर कुठे २७.८७ लिहितात, कुठे २७.८८. खरं कोणतं?

गणिताने ३०० चौरस फूट म्हणजे २७.८७. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये मात्र २७.८८ आहे. ३०० ला १०.७६ ने भागलं की २७.८८ येतात, म्हणजे नियम लिहिताना छोटा गुणक वापरलेला दिसतो. नियमात जे छापलंय तेच तुमचा हक्क आहे, तिथे कॅल्क्युलेटर काढू नका. याआधीचे २६९ फूट म्हणजे बरोबर २५ चौरस मीटर आणि त्याही आधीचे २२५ फूट म्हणजे २०.९० चौरस मीटर. २६९ हा विचित्र आकडा कुठून आला हे अनेकांना कोडं वाटतं. तो मीटरमधल्या गोल आकड्याचा फुटातला अवतार आहे, एवढंच.

१६. परवडणाऱ्या घराला एक टक्का जीएसटी. बदलापूरला ६५० फुटांचं घर घेतोय, लागू होईल?

नाही, सव्वाचार फुटांनी हुकतं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या व्यवस्थेत बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि इतर घरांना ५ टक्के कर आहे. 'परवडणारं' म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि रेरा कार्पेट महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. मुंबई महानगर प्रदेश पूर्ण महानगरात धरलेला आहे, त्यामुळे बदलापूर आणि विरारलाही ६० चीच अट. ६० चौरस मीटर म्हणजे ६४५.८ चौरस फूट. तुमचे ६५० म्हणजे ६०.३९, मर्यादेबाहेर. ६४५ फुटांचं घर असतं तर ५९.९२ होऊन आत बसलं असतं.

गंमत अशी की या नियमातल्या महानगरांच्या यादीत पुणे नाही. तिथे ९० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९६९ चौरस फूट चालतात. पुणेकरांना महानगर न म्हटल्याचा आनंद बहुधा इथे एकदाच होतो. दोन्ही अटी एकत्र लागतात हे विसरू नका. क्षेत्रफळ बसलं आणि किंमत ४५ लाखांवर गेली तर उपयोग नाही. आणि बाल्कनी या ६० मध्ये मोजत नाहीत (प्रश्न ६).

१७. ४८० फुटांसाठी दोन बाय दोनच्या टाइलचे ३० बॉक्स आणले आणि कमी पडले. दुकानदाराने गंडवलं?

तुम्ही एका बॉक्सचे १६ फूट धरलेत. 'दोन बाय दोन' ही बोलायची भाषा आहे. प्रत्यक्षात ती टाइल ६०० बाय ६०० मिलिमीटर असते आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. चार टाइलचा बॉक्स १.४४ चौरस मीटरचा, म्हणजे साडेपंधरा फुटांचा. ४८० ला १५.५ ने भागलं की ३१ बॉक्स लागतात, तेही एकही टाइल न कापता. कापाकापीत जाणारी आणि पुढे कधी बदलायला लागणारी धरून पाच ते दहा टक्के जास्त आणा. पुढच्या वर्षी तीच छटा मिळत नाही, हे माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या दोन वेगळ्या टाइल रोज सांगतात. 'दोन बाय चार'ची टाइल ६०० बाय १२०० ची, तिलाही हाच हिशेब.

प्लायवूडचं तसं नाही. आठ बाय चारची शीट २४४० बाय १२२० मिलिमीटरची येते, म्हणजे खरोखर ३२ चौरस फूट भरते.

१८. मिस्त्री ब्रासमध्ये बोलतो. एक ब्रास म्हणजे किती मीटर?

फरशी, गिलावा अशा पसरट कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. शब्द एक, मापं दोन. भाव ठरवताना कशाचा ब्रास ते स्पष्ट बोलून घ्या.

१९. गुंठा आणि आर सारखेच का? सातबाऱ्यावर ०.१०.५० आहे, बांधायला किती फूट मिळाले?

जवळचे आहेत, सारखे नाहीत. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर, १,०७६.४ चौरस फूट. दर गुंठ्याला साडेबारा फुटांचा फरक, म्हणजे दहा गुंठ्यांत एक खोली गेली.

०.१०.५० हे हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने वाचायचं: शून्य हेक्टर, दहा आर, पन्नास चौरस मीटर. एकूण १,०५० चौरस मीटर, ११,३०२ चौरस फूट, गुंठ्यात १०.३८. 'साडेदहा गुंठे' म्हणून सौदा करणारे बरेच भेटतात. ही जमीन झाली. तिच्यावर किती बांधता येईल हा वेगळा विषय, प्रश्न २२ बघा.

२०. बडोद्याचे नातेवाईक 'शंभर वार' म्हणतात, हैदराबादचे 'दोनशे गज'. हे किती?

वार आणि गज या दोन्ही ठिकाणी चौरस यार्ड, म्हणजे तीन बाय तीन फूट, नऊ चौरस फूट. नऊवारीतला वार तोच, फक्त तिथे तो लांबीचा असतो. शंभर वार म्हणजे ९०० चौरस फूट, ८३.६१ चौरस मीटर. दोनशे गज म्हणजे १,८०० चौरस फूट, १६७.२३ चौरस मीटर. गोव्यात याच्या अगदी उलट. तिथे जमिनीचा भाव थेट चौरस मीटरवर बोलतात, आणि पुण्याहून गेलेला माणूस तीस हजार ऐकून दचकतो. फुटाला ते २,७८७ रुपयेच होतात.

२१. मुलगा म्युनिकला ६२ चौरस मीटरच्या घरात राहतो. आमच्या ठाण्याच्या ६६७ फुटांएवढंच ना? आणि न्यू जर्सीच्या भाचीचं दोन हजार फुटांचं?

आकडा तोच, मोजायची रीत वेगळी. जर्मनीत राहण्याच्या क्षेत्रफळासाठी २००४ पासूनचा नियम आहे. त्यात बाल्कनी साधारणपणे पाव धरतात, जास्तीत जास्त अर्धी. उतरत्या छपराखाली एक मीटरपेक्षा कमी उंचीची जागा मोजतच नाहीत, एक ते दोन मीटर उंचीची अर्धी मोजतात. म्हणजे त्या ६२ मध्ये बाल्कनीचा तुकडा असेल, आणि वरच्या मजल्यावर असेल तर पायाखालची जमीन ६२ पेक्षा जास्तही असेल. आपल्या रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी शून्य. सिंगापूरला कुणी असेल तर तिथे सरकारी एचडीबी घरं चौरस मीटरमध्ये सांगतात आणि खासगी कॉन्डो चौरस फुटांत.

अमेरिकेत स्वतंत्र घर बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मोजायची रीत आहे आणि जमिनीखालचं बेसमेंट त्यात धरत नाहीत. भाचीच्या दोन हजारांतून भिंती वजा करा, वर बेसमेंट मिळवा, मग तुलना करा. नाहीतर करू नका, जेवायला जा.

२२. चटई क्षेत्र निर्देशांक १.१ आहे. हे फुटात किती?

कितीही नाही, त्याला एककच नसतं. एकूण बांधकामाला भूखंडाने भागून आलेलं ते गुणोत्तर आहे. भूखंड १,००० चौरस मीटर असेल तर बांधकाम १,१०० चौरस मीटर, भूखंड १०,००० चौरस फूट असेल तर ११,००० चौरस फूट. अट एकच, दोन्ही आकडे एकाच एककात हवेत. आणि इथल्या 'चटई'वरून कार्पेट समजू नका. नावाने फसवणारा हा आपल्या भाषेतला बहुधा सगळ्यात यशस्वी शब्द आहे.

२३. जुना करार आहे, त्यात फक्त '५५० चौ.फू. बिल्टअप' लिहिलंय. कार्पेट किती चौरस मीटर लिहू?

५५० चौरस फूट म्हणजे ५१.१० चौरस मीटर, पण तेही बिल्टअपच. एकक बदलल्याने बिल्टअपचं कार्पेट होत नाही. लोक सर्रास १.२ ने भागून ४५८ फूट सांगतात. तो अंदाज आहे, आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत बराच चुकू शकतो. मंजूर नकाशा मिळाला तर त्यावरून काढा, नाहीतर वास्तुविशारदाकडून घर मोजून दाखला घ्या. पुनर्विकासाच्या वेळी सभासदांमध्ये भांडणं होतात ती याच आकड्यावरून, म्हणून सोसायटीने सगळी घरं एकाच माणसाकडून, एकाच रीतीने, एकाच वेळी मोजून घ्यावीत.

२४. करारात '५२.३० चौ.मी. म्हणजेच ५८३ चौ.फू.' आहे. दोन्ही जुळत नाहीत.

नाहीच जुळत. ५२.३० चे ५६३ होतात, आणि ५८३ हवे असतील तर ५४.१६ चौरस मीटर पाहिजेत. वीस फुटांचा प्रश्न आहे. कधी नुसती टंकलेखनाची चूक असते, कधी फुटांच्या आकड्यात बाल्कनीचा तुकडा हळूच मिसळलेला असतो. मंजूर नकाशा आणि महारेराच्या संकेतस्थळावरचं त्या सदनिकेचं कार्पेट काढून कुठला आकडा खरा ते ठरवा. सही झालेली नसेल तर चुकीचा आकडा खोडून घ्या, 'नंतर बघू' ऐकू नका. नोंदणी झाली असेल तर दोन्ही बाजूंनी चूक दुरुस्ती दस्त नोंदवावा लागतो. बँक आणि पुढचा खरेदीदार दोघंही हीच ओळ आधी वाचतात.

२५. अमेरिकेचा 'सर्व्हे फूट' वेगळा असतो असं वाचलं. माझ्या फ्लॅटला फरक पडेल का?

असायचा. जमीन मोजणीसाठी तिथे जुना फूट चालू ठेवला होता, तो २०२२ च्या अखेरीस बंद केला. दोन फुटांत दहा लाखांत दोन भागांचा फरक होता. हजार चौरस फुटांच्या घरात तो पोस्टाच्या लहानशा तिकिटाएवढा भरतो, आणि तुमचं घर मुळात त्या फुटाने मोजलेलंच नाही.